कूलर बंद करून

मे महिन्यात आमच्या ले-आउटला कान नसतात.
साडेनऊपासून खिडकीखिडकीत कूलर घरघरतो,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत राहतं
आणि त्या आवाजाआड
कुणीही कुणाचंही कुलूप तोडू शकतं.

हेडाऊंचं तसंच तुटलं.
ते लग्नाला भंडाऱ्याला गेलेले.
दारात तीन दिवसांचे पेपर पडले होते,
त्यातला एक वाऱ्यानं माझ्या फाटकाशी आला.
मी तो घडी करून
आमच्याच रद्दीत ठेवला.

मग टाकीखाली मीटिंग झाली.
जमादार म्हणाला, बाई, एवढ्या वस्तीला आम्ही दोघं.
वही आली, पाळ्या लागल्या.
मला झोप नाहीच येत, मंगळवार मी मागून घेतला.
जोडीला एसटीतून रिटायर झालेले नंदनवार,
काठी, बॅटरी,
गळ्यात नातवाची पी.टी.ची शिट्टी.

पहिल्या रात्री कळलं,
धकात्यांच्या गल्लीतला दिवा दिवाळीपासून बंद आहे
आणि निनाव्यांच्या मोरीच्या खिडकीला गजच नाहीत.
अठरा वर्षं राहते मी इथे.
कुत्री आमच्यावरच भुंकत होती.

दुसऱ्या मंगळवारी, पाऊण वाजता,
रिकाम्या प्लॉटच्या बाजूनं एक जण आला,
सायकल हातात धरून.
"कोन हाय बे?" नंदनवार ओरडले.
मी बॅटरी सरळ तोंडावर धरली.
त्यानं हात वर केले,
सायकल आडवी झाली, डबा उघडला,
झाकण घरंगळत नालीत.

"इथंच राह्यतो जी. सहा नंबरच्या गल्लीत.
हिंगण्याले कंपनी हाय, सेकंड शिफ्ट.
तीन वर्षं झाले."
नाव?
"रोशन कुमरे."

तीन वर्षं.
कुत्री त्याच्या पायाशी येऊन
शेपट्या हलवत होती.

माफी मागायची होती.
ती न मागता मी
बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावरून काढला
आणि उतरलेल्या चेनवर धरून उभी राहिले.
नंदनवार नालीत वाकले झाकणासाठी.
चेन बसली. काळे हात पँटला पुसत तो म्हणाला,
"तिकडं मांगच्या बोळीत परवा दोघं होते,
गाडीच्या नंबरवर चिखल फासला होता.
सांगाव वाटलं.
पन कोणाले सांगाव?"

हेडाऊंचे दागिने अजून मिळाले नाहीत.
दिव्यासाठी पाच अर्ज झाले, सहाव्याला लागला.
निनाव्यांनी गज बसवले, वाकडे, पण बसवले.
गावाला जाताना लोक आता सांगून जातात,
त्यांचे पेपर मी उचलते,
शब्दकोडं मात्र सोडवून ठेवते.

वहीत रोशनच्या नावापुढे वार नाही.
"मी त रोजच जागा असतो," म्हणाला,
आणि शिट्टी मागून घेतली.

पाऊण वाजायला आला की
मी कूलर बंद करते.
भिंती अजून भट्टीसारख्या, मानेवरून घाम,
आणि आवाज ओसरतो तशी
लांबून चेनची कुरकुर येते.
तो एकदाच वाजवतो,
लहानशी,
झोपलेलं लेकरू उठू नये अशी.

माझा हात बटणाकडे जाईस्तोवर
निनाव्यांचा कूलर पुन्हा सुरू होतो.
मग धकात्यांचा.
मग पलीकडचा कुणाचा तरी.