पोटखराब

सुपडाबाईनं पिशवीतून काढला मोडी कागद,
घड्यांवर शाई उडालेली.
दोन बिघे, तीन पांड, अकरा काठ्या.
"सायेब, आते याले आर करी द्या."

मी कॅल्क्युलेटर पुढं ओढला.
वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा,
म्हणजे आठशे एकाहत्तर काठ्या.
इथवर सरळ.
पण काठी म्हणजे पाच हात, पाच मुठी.
हात कोणाचा?
सारा भरणाऱ्याचा असेल तर लांबच असणार,
घेणाऱ्याचा असेल तर आखूड.
मूठ आवळलेली होती की सैल,
कागद काही बोलेना.

मी अठरा इंचांचा हात धरला, तीन इंचांची मूठ.
एक एकर, एकवीस गुंठे,
चार आण्यांना किंचित कमी.
आरमध्ये एकसष्ट पूर्णांक पंच्याण्णव.

सातबारा म्हणतो साठ.
मधले जवळपास दोन आर
अनेरच्या पुरानं नेले, की शेजाऱ्याच्या बांधानं,
की त्या मेलेल्या माणसाचा हात
इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यानं आखूड होता?

चौतीस वर्षं मोजतोय चोपडा तालुका.
सुरुवातीला शंकूसाखळी होती,
वैशाखात तापून लांबायची,
तेच रान पौषात थोडं मोठं भरायचं.
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलं नाही.

"आमनं माप सोपं से," सुपडाबाई म्हणाली.
"सात बाया, दोन दिन, निंदनं व्हई जास."
मी सवयीनं भागून पाहिलं:
बाईमागं, दिवसाला, साडेचार आरला थोडं कमी.
या मापाला रकाना नव्हता.

मोजणीच्या दिवशी रोव्हर घेऊन फिरलो.
धुऱ्यालगत हिवराचं झाड, खाली दगड,
दीड गुंठ्यात कधी नांगर गेलेला नाही.
पोटखराब, मी म्हटलं,
आणि पोरानं टॅबवर तसं टिपलं.
बाया डबे सोडत होत्या.
सुपडाबाई हसली नाही.
"आठेच त आमनं पोट भरस,
नि तुम्ही लिखतस पोटखराब?"

नियमात दुसरा शब्द नाही.
तो तसाच राहिला.

मग तिनं कळण्याची भाकरी पुढं केली,
विचारलं, अर्धी का चतकोर?
चतकोर, म्हटलं.
तिच्या हातची चतकोर
माझ्या घरच्या एका भाकरीएवढी भरली.