गुडघ्यांपुरती

रोहिदास झोपला असताना माप घेतलं,
कमरेपासून पावलांपर्यंत, आणि थोडं दुमडायला.
मोठी गोधडी नकोच म्हणाला होता.
साखळीच्या इस्पितळात, मंगळ, गुरू, शनी,
चार तास रक्त बाहेरून फिरून येतं
तेव्हा थंडी आधी गुडघ्यांना धरते.
डावा हात उघडा हवा, नर्सला दिसला पाहिजे.

म्हणजे लहानच. सहा रांगा, एकेकीत सात तुकडे.

मेण एर्मेलिंदाने आणलं,
कपेलातल्या मेणबत्त्यांची बुडखं, पिशवीभर,
कुणाकुणाचे नवस, अर्ध्यावर विझलेले.
दूधपावडरच्या डब्यात वितळवले.
ब्रश नव्हता; माडाच्या हिराने ठिपके दिले.
मेण गार झालं की कापड मुठीत चुरगळायचं,
पापड मोडल्यासारखं वाजतं,
आणि निळा रंग त्या चिरांतून
नेमका तिथे शिरतो
जिथे शिरू नये म्हणून एवढा खटाटोप.
बातिक म्हणजे हेच, असं एर्मेलिंदा म्हणाली.
किंवा म्हणाली नसेलही,
धुराने खोकत होती ती.

मेण काढायला वर्तमानपत्रांत घालून इस्त्री.
श्रद्धांजलीचं पान मेण पिऊन पारदर्शक झालं
आणि डिचोलीच्या एका सद्गृहस्थांच्या कपाळावर
पाठच्या पानावरचा फ्रीज दिसू लागला, हप्त्यांवर.
मी हसले. एकटीच होते.

पिवळा फणसाच्या भुशाचा, लाडू मेस्ताच्या शेडमधून.
भिरंडांचा लाल दुसऱ्या धुण्यात उडाला.
काळा काही जमेना.
हिरडा उकळला तर मातकट, आजारी रंग.
मग मागीलदारी, सोडणांच्या राशीखाली,
त्याच्या टिप्परचा नट सापडला,
चाकाचा, गंजून फुललेला.
खाणी बंद पडल्या त्यानंतरच्या वर्षी
गाडी बँकेने नेली,
हा एकटा कसा मागे राहिला देव जाणे.
माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये टाकला, आठ दिवस.
हिरड्याचं कापड त्या पाण्यात बुडवलं,
आणि काळं उठलं, बघता बघता,
इंजिन बंद केल्यावर
केबिनमध्ये उतरतो तेवढं काळं.
नटाचं त्याला सांगितलं नाही.

पंचवीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवले.
सरळ शिवण डोळे मिटून येते.
इथे चौकोनांचे कोपरे जुळेनात.
बातिकचं कापड ताठ, हातरंगाचं सैल,
एक ओढतं, दुसरं सुटतं.
उसवलं, घातलं, पुन्हा उसवलं,
तिसऱ्यांदा म्हटलं राहू दे,
त्याला कुठे मला मार्क द्यायचेत.

शेवटी मोजले तर एक्केचाळीस.
रंग संपले होते, मेण संपलं होतं,
एर्मेलिंदा लेकीकडे मडगावला गेलेली.
त्याच्या जुन्या शर्टाचा खिसा कापून लावला,
खिसा म्हणूनच, वरून उघडा.
त्याचा लाल मी रंगवलेला नाही.
वीस वर्षांच्या धुण्यांनी तो गेला नाही,
उलटून पाहिलं तर शिवणीत अजून
चिमूटभर धूळ होती.
झटकायला हात उचलला, आणि तसाच
धावदोरा घालत पुढे गेले.

मंगळवारी पांघरली त्याने.
बोट फिरवत गेला एकेका तुकड्यावरून,
निळ्या भेगा, फणसाचा पिवळा, काळा.
"ह्यांतलो म्हजो खंयचो?"
मी म्हटलं, झोप आता.
त्याने खिशात बसचं तिकीट ठेवलं,
परतीचं भाडं ठेवलं, आणि झोपला.

थोड्या वेळाने गोधडी घसरली.
शेजारच्या खुर्चीतला होंड्याचा माणूस
आपला मोकळा हात लांबवून
ती वर ओढू लागला, पुरत नव्हता हात,
तरी ओढत होता.
मी दारात उभी, काचेपलीकडून
न जुळलेले कोपरे मोजत.
चार. नाही, पाच.