सुटे

बुधवारचा बाजार, गंगेवर.
मेथीवालीनं वर पाहिलं,
"साळवे सिस्टर ना? सिव्हिलच्या?"

चेहरा काही आठवेना.
छत्तीस वर्षांत इतके चेहरे,
उशा त्याच.
पण सुटे द्यायला तिनं हात पुढे केला
आणि ओळखलीच ती शीर,
अंगठ्यापासून निघून मधेच दडी मारणारी.

दिंडोरीहून आणली होती. पान लागलेलं, शेतात.
तीनदा सुई चुकली माझी.
मग लाईट गेले,
तेव्हा सापडली, बोटाला.

त्या रात्री इकडे शरणपूरला
माझी धाकटी तापानं फणफणलेली.
कपाळावर पट्ट्या शेजारच्या रूथमावशीच्या.
अजून काढते ती, भांडण झालं की.
मी म्हणते, बरोबर आहे तुझं,
आणि कुकर लावते.

"पोरगा आता बाग बघतो द्राक्षांची,"
मेथीवाली सांगत होती,
"तेव्हा पोटात होता, दोन महिन्यांचा.
मलाच ठाऊक नव्हतं."
केसपेपरवरही नव्हतं ते.

"नाडी बघताय का सिस्टर?" ती हसली.
मनगट मी सोडलंच नव्हतं.
"नाही गं, सुटे मोजतेय."

बहात्तर होती.