माया

दत्तवाडीत, पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
सहा बाय नऊ, एक मशीन, एक पंखा
आणि मापांच्या तीन वह्या.
छाती, कंबर, दंड, मुंढा.
बायका माझ्याशी खोटं बोलतात,
टेप बोलत नाही.

भिंताडे वहिनींनी चैत्रात पाकीट आणलं.
हिरवंगार. वर एक काडीसारखी बाई, मागे धबधबा,
"एकवीस दिवसांत फरक",
आणि आत काय काय आहे ते इतक्या बारीक अक्षरांत
की रोज सुईत दोरा ओवणाऱ्या मलाही लागेना.
"सगळं नैसर्गिक आहे हो," वहिनी म्हणाल्या.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं,
नाहीतर म्हणाले असते,
धोतराही नैसर्गिकच,
पर्वतीच्या पायथ्याला फुकट उगवतो.

दहाव्या दिवशी त्यांचा ब्लाउज ढिला झाला.
कंबर पाऊण इंच कमी!
पेढे कसे वाटणार, भाजके चणे वाटले.
गल्लीत चौघींनी तेच पाकीट मागवलं,
एकीने तर हप्त्याने.

मीही प्यायले, खोटं कशाला.
वास गवती चहाचा, मागून कडवट,
आणि पहाटे चारला पोटात असा पीळ
की कुणी आतून फडकं पिळतंय.
माझ्या दुकानाला संडास नाही
हे पाकिटाला काय माहीत.
चौथ्या दिवशी उरलेलं पिशवीत बांधलं,
रविवार पेठेत बटणं आणायला गेले तेव्हा
काष्ठौषधीवाल्या ओसवालांपुढे ओतलं.
त्यांनी बोटाने चाळलं, हुंगलं.
"सोनामुखी. जुलाबाची.
हिनं चरबी जात नाही बाई, पाणी जातं.
तांब्याभर प्यायलात की परत आलं.
एखाद दिवस ठीक,
रोज घेतली तर आतडं आपलं काम विसरतं."
एवढं सांगून त्यांनी मला अडीचशे ग्रॅम शिकेकाई विकली.

ज्येष्ठात वहिनी दांडेकर पुलाच्या स्टॉपवर बसल्या
त्या उठल्याच नाहीत.
पायांत गोळे, छातीत धडधड.
रक्तदाबाची गोळी आधीच पाणी काढत होती,
त्यात हा काढा, आणि डॉक्टरांना सांगायचं ते काय,
चहाच तर आहे!
दोन दिवस सलाईन. पोटॅशियम हा शब्द
आमच्या गल्लीला तेव्हा कळला.

पण विमल तुपेचं पान उघडलं की मी गप्प होते.
तीही पाल्याचाच चहा पिते, गॅलरीतल्या कुंडीतला,
आलं ठेचून, बिनसाखरेचा.
आधी दिवसाला पाच कप दुधाचे, दोन-दोन चमचे साखर,
आणि प्रत्येक कपाला खारी.
आता कप झाकून ठेवते, मुरेपर्यंत खिडकीत उभी राहते.
"तेवढी पाच मिनिटं मला कुणी हाक मारत नाही," म्हणते.
संध्याकाळी तळजाईला जाते.
दिवाळीपासून कंबर दीड इंच उतरली.
त्यात पाल्याचं श्रेय किती, साखरेचं किती,
त्या पाच मिनिटांचं किती,
टेपवर तशा रेघा नसतात.

काल वहिनी आल्या. चेहरा ओढलेला,
गालांवरचं तेज गेलेलं.
कंबर? होती तेवढीच. वर पाव इंच.
मी आकडा मोठ्याने म्हटला नाही.
"भाच्याचं लग्न आहे, घट्ट शिव हं," म्हणाल्या,
"तोवर मी बारीक होणारच आहे.
दुसरं एक पाकीट मिळतं म्हणे, लाल."

मी टेप गळ्यात अडकवला.
"लाल आणा," म्हटलं, "पण आधी ओसवालांना हुंगू द्या,
आणि डॉक्टरांना दाखवा."
त्या हसल्या. आणतील की दाखवतील, माहीत नाही.

त्या गेल्यावर कापड अंथरलं.
खडूने त्यांच्या शब्दाची रेघ मारली, घट्ट,
आणि कात्री तिच्या बरीच बाहेरून चालवली.
दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया आत दुमडली,
वरून इस्त्री फिरवली.
दिसत नाही.