बत्तीस किलो पत्रा

होळी विझली की मानेवाड्यात
गच्च्यांवरचे कूलर दोरीनं खाली उतरतात,
पोती झाडली जातात, कोळ्यांची घरं मोडतात.
आमचा कधी उतरलाच नाही.
बावीस वर्षं पश्चिमेच्या खिडकीत,
लोखंडी स्टँडवर,
एक पाय विटेवर टेकवून.

दर मार्चात मी त्याच्या तिन्ही ताट्या काढायचो.
गेल्या सालचं गवत खरवडायचो,
कडक, काळपट, बोअरच्या क्षारानं पांढरं.
त्यात एकदा वाळलेली पाल निघाली,
एकदा स्टीलचा चमचा,
ज्यावरून घरात आठवडाभर भांडण झालं होतं.
टाकीला आतून डांबर, बाहेरून ऑइलपेंट:
आधी मोरपंखी, मग राखाडी,
मग धाकटीच्या हट्टाचा जांभळा.
आणि पाणी भरताना पिन काढायची,
हे आमच्याकडे पोरांना
शुभंकरोतीच्या आधी शिकवलं.

कवडू झाडे मिस्त्री, टेस्टर खिशाला पेनासारखा.
त्यानं कंडेन्सर बदलला, मग बुश,
मग पंप, मग एक पातं,
मग पुन्हा पंप.
एप्रिलात त्यानं फोन उचलला
तर मीनल देवाजवळ साखर ठेवायची.

नवतपाची तिसरी रात्र.
दोन वाजता पायाला गार लागलं.
हॉलभर पाणी, पाण्यावर चपला,
पंप कोरडा घरघरतोय.
सकाळी कवडूनं अंगठा दाबला
आणि अंगठा आत गेला.
"पत्रा नाही राहिला जी हा," तो म्हणाला,
"नुसता तुमचा रंग उभा आहे."

मी म्हटलं, वेल्डिंग?
"कशाला लावू? धरायला लोखंड पाहिजे ना.
फायबरचा घ्या. गंजत नाही."
आणि बिघडला तर?
"तो दुरुस्तही नाही होत."

भंगारवाल्यानं काटा लटकवला.
बत्तीस किलो.
"यात रंग किती?" मी उगाच विचारलं.
तो हसला, आणि दोन किलो कापले.

मग खिडकी उरली.
दुपारची झळ चुलीसारखी आत आली,
मागून ऊन आलं, भिंतीवर चढलं,
लग्नाच्या फोटोपर्यंत.
तिथे कधी ऊन पोचलं नव्हतं.
समोर ठवरेबाईंची भिंत,
तिच्यावर आमच्या टाकीच्या ओघळाचा
पांढरा, लांब, नदीसारखा डाग.
त्याच डागावरून अकरा वर्षं
आम्ही एकमेकांच्या दारचं हळदीकुंकू टाळलं.

संध्याकाळी त्या भिंतीपलीकडे उभ्या,
हातात वाळत घालायची चादर.
मीनलकडे पाहिलं नाही,
चादरीकडेच बघून म्हणाल्या,
"रात्री तुमचा पंप थांबला.
मी दोनदा उठून बसली.
वाटलं, तुमच्याकडे
काही झालं का काय."

मीनल काहीच बोलली नाही.
आत गेली, माठातलं पाणी आणलं,
भिंतीवरून तांब्या दिला.
बाईंनी वरूनच प्यायलं, तांब्या परत केला,
डागाचं कुणी काढलं नाही.

नवा कूलर खोक्यात आहे,
पांढरा, हलका, एका हातानं उचलतो.
खोक्यावर लिहिलंय, आवाज येत नाही.
कवडू स्टँडची वीट नीट करत होता
तेव्हा मीनलनं जुना पंप पिशवीतून काढला,
भंगारात द्यायचा तिनं कधी वगळला,
मला माहीत नव्हतं.
"कवडूभाऊ, हा यात बसेल का?"

त्यानं पंप कानाशी धरून हलवला,
आत काहीतरी खुळखुळलं.
"लई आवाज करते जी हा."
"माहीत आहे," ती म्हणाली.
कवडूनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा समोरच्या भिंतीकडे,
आणि खिशातला टेस्टर काढला.