सुयांची वही

पुंता अरेनासला जूनमध्ये
सूर्य दहाला उगवतो, साडेपाचला ड्यूटी संपवून जातो.
माझी बारा तासांची.
बाहेर वारा असा, की चौकात माणसांना धरायला
दोर बांधून ठेवतात.
आमच्या भिंतीआत नुसता त्याचा आवाज येतो.
खिडकी लावू लागले की बायका म्हणतात,
राहू द्या ना, आवाज तरी येऊ द्या.

मी मोजते. बाकी सगळं काम या मोजण्याच्या कडेकडेनं.
सकाळी माणसं, मग चमचे, मग कात्र्या,
दुपारी क्रोशाच्या सुया, अठरा,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
रात्री पुन्हा माणसं:
टॉर्च पांघरुणावर मारायचा, तोंडावर नाही,
श्वास वर आला की एक.
घरी लेकाच्या खोलीच्या दारातही थांबते
आणि पुटपुटते, एक.

त्या गुरुवारी डब्यात सतरा निघाल्या.

पुन्हा ओतल्या, पुन्हा मोजल्या. सतरा.
सुई म्हणजे कुणाचा तरी डोळा, कुणाची तरी मान,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
जोडीची बार्रीया रजेवर. मी एकटी.
टोपी काढून खिडकीत ठेवली, हातमोजे चढवले,
एकेकीला पडद्याआड बोलावलं. तेराजणी.
केस सोडा. तोंड उघडा. जीभ वर.
कपडे इथे.
बसा. खोका.
पुन्हा खोका.

सर्वांत लहान मिलेन्का रडली, नाक पुसायला काही नव्हतं.
नेलिदा ओयार्सो, चिलोए बेटावरची, साठी उलटलेली,
गुडघे धरत, थांबत थांबत बसली.
उठताना तिला हात द्यायचा नसतो, असा नियम.
तिनंही मागितला नाही.
वर बघितलं माझ्याकडे, आणि खोकताखोकता
हसल्यासारखं काहीतरी.
काय झालं हसायला?
काही नाही बाई. खोकलाच तो.

मग गाद्या फाडल्या. लोकरीचे गुंडे उलगडले.
बाळाचा एक मोजा होता, टाचेपर्यंत आलेला,
त्यात सुई मावणार नाही हे दिसत होतं,
तरी उसवला.
रविवारच्या भेटी रद्द. कागदावर सही माझी.
पोर्वेनीरहून, सामुद्रधुनी ओलांडून
फेरीनं कुणाची तरी पोरगी येणार होती.
कुणाची, ते मला माहीत होतं.

दारातलं यंत्र माझ्या चाव्यांवर रोज किंचाळतं,
म्हणून माझ्यावर किंचाळलं
तर कुणी मान वर करत नाही.

घरी आरशापुढे अंबाडा सोडला
आणि बेसिनमध्ये टिण्‌ झालं.
आई, काय पडलं?
काही नाही रे. झोप.

डबा, चाव्या, वही, दोन्ही हात भरलेले.
नेलिदाच्या हातून घेतली
आणि घरी खोचते तशी खोचली, बस्स, एवढंच.
नळ सोडला. बंद केला.
मग आठवलं, टोपी तर मी काढली होती.

तेराजणी उघड्या, थंडीनं काटा आलेल्या,
मी त्यांच्या केसांत बोटं घालत होते
आणि माझ्या केसांत ती चकाकत होती,
वरच्या बल्बखाली.
एकीनं तरी म्हणायचं.
भीती असेल. की सूड. की मजा,
की यातलं काहीच नाही, आणि मला
त्याचं नाव ठाऊक नाही.

सकाळी डब्यात अठरा.
वहीत दोन रकाने: सापडली. कुठे.
पहिल्यात तारीख घातली.
दुसऱ्यापाशी पेन इतका वेळ टेकून राहिला
की शाईचा ठिपका पसरत गेला.
लिहिलं शेवटी. माझ्याकडे.
वरचे साहेब वाचून म्हणाले, पान खराब झालंय, नवीन लिहा.
भेटी काही परत आल्या नाहीत,
कागद पुढे गेला होता.

दुपारी डबा उघडला.
नेलिदानं सुया चाळल्या, तीच उचलली,
एप्रनला पुसली, उजेडात धरली.
अंबाडा आज सैल बांधलाय, बाई, म्हणाली.
काल छान होता.
आणि उसवलेल्या लोकरीत
टोक शोधू लागली.