दहा आणे पुढं

आमची तपासणीची खोली दोन चाकांवर उभी आहे.
पांढरा पत्रा, आत एक खुर्ची, एक आरसा,
भिंगांची पेटी, आणि भिंतीवर अक्षरं:
वरचं ताटाएवढं, खालची मुंगीएवढी.
ओढायला पिकअप. हाकायला मी.

औशाच्या जमीर मिस्त्रींनी मागं आकडा जोडला
आणि पैसे घ्यायच्या आधी माझी परीक्षा घेतली.
"किती ओढेल ही?" मी विचारलं.
"ओढतंय तर बैलबी.
थांबवशील किती, ते बोल."
मग फरशीवर खडूनं हिशेब:
डिझेल, पाण्याचा ड्रम, सुगंधाबाई, सुगंधाबाईंचा डबा,
मी (मी चार किलो कमी सांगितले,
त्यांनी सहा वाढवून लिहिले).
"आता खोलीतलं. दहा आणे चाकाच्या पुढं,
सहा आणे मागं.
शेपूट जड झालं की जनावर धन्यालाच हलवतंय."
साखळ्या त्यांनी फुलीत घातल्या, एकीवरून दुसरी.
दांडी निसटलीच कधी
तर रस्त्यावर नाही, झोळीत पडावी.

चौसाळ्याला कोंडाबाई जोगदंड
नऊ वर्षांनी सुईत दोरा ओवून बसल्या.
ओवला, काढला, परत ओवला.
काही न बोलता उठून गेल्या
आणि लेकाच्या पाठीवर दोन कट्टे ज्वारी घेऊन आल्या.
मी दोनदा नको म्हटलं.
तिसऱ्यांदा म्हटलं तर माणूस दुखावतं.
लेकानं कट्टे ठेवले मागच्या दाराशी,
जिथं ठेवायला सोपं होतं.
मी पाहिलं. पाहून दार लावलं.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना वारा आडवा होता.
सुगंधाबाईंची सून अजून त्यांच्या तोंडात होती,
उजवीकडून एक बस फुंकर मारल्यासारखी गेली
आणि आरशात खोली डावीकडे दिसली.
मग उजवीकडे.
मग जास्त डावीकडे.

पायाला ब्रेक हवा होता. हातांना स्टिअरिंग उलटं फिरवायचं होतं.
दोघांनाही नाही म्हणायला
किती वेळ लागला, मला माहीत नाही.
ॲक्सिलरेटर सोडला.
भरली घागर डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडताना
मान धरतात, तसं चाक धरलं.
डाव्या हातानं डॅशखालची पट्टी सरकवली,
नुसता ट्रेलरचा ब्रेक, हळू, थोडा, अजून थोडा.
कुणी मागून पदर धरावा
तशी खोली ताणली गेली,
आणि सरळ झाली.

सुगंधाबाई पालीच्या अलीकडे म्हणाल्या,
"सून तशी वाईट नाही."

रस्ता रुंद झाला तिथं थांबलो. चाकांना दगड लावले.
उलट्या हातानं चाकांचे तुंबे बघितले,
लेकराचं कपाळ बघावं तसे.
डावा कोमट, उजवा जरा जास्त. चालेल.
मग दोघींनी मिळून कट्टे ओढले पुढं,
अक्षरांच्या भिंतीखाली,
शिव्या देत, हसत, मध्येच खाली बसत.
एक कट्टा खिळ्याला फाटला.
बसेल तेवढी ज्वारी सुगंधाबाईंच्या ओट्यात,
राहिलेली खोलीभर.
पुढचा उतार आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.
मागून हॉर्न वाजत होते. वाजू दिले.

पालीच्या शाळेसमोर पहिलेच आले लिंबाजीअण्णा.
मी त्यांच्या डोळ्यांवर चौकट चढवली,
पेटीतून भिंग उचललं,
तर खाचेतून एक दाणा घरंगळत
त्यांच्या तळव्यावर पडला.
"खालची ओळ वाचा," मी म्हणाले.
अण्णांनी भिंतीकडं बघितलंच नाही.
दाणा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ.
"दगडी ज्वारी," ते म्हणाले.
"कुठून आणली?"